मामांची बकेट आणि लोडरचा काटा

सासऱ्याच्या हाताखाली काम करू नये, असं मला लग्नात कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मला लोडर चालवायचा होता, आणि लोडर सासऱ्यांकडे होता.

त्यांच्या मालकीचा नव्हे. सोलापूरच्या बाहेर, अक्कलकोट रस्त्याला, आमच्या मालकांचं खडीचं क्रशर आहे. खाणीतला दगड क्रशरमध्ये जातो, फुटतो, चाळला जातो आणि बाहेर लहानमोठ्या खडीचे ढीग पडतात. त्या ढिगात बकेट घुसवायची, भरायची आणि शेजारी उभ्या असलेल्या हायव्यात, म्हणजे मोठ्या टिपरमध्ये, ओतायची, हे लोडरचं दिवसभराचं काम. क्रशर सुरू झालं तेव्हापासून त्या सीटवर माझे सासरे बसत. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा सांगोल्याकडचे. घरची मेंढरं आणि जोंधळ्याचं रान भावावर सोपवून ते तरुणपणी सोलापुरात आले आणि यंत्रावर बसले ते बसलेच. मी केम गावचा. आयटीआय करून त्याच क्रशरवर पाण्याच्या टँकरवर लागलो होतो. धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर पाणी मारत दिवसभर गोल गोल फिरायचं. पगारपत्रकावर ड्रायव्हर लिहितात, पण मनात आपण माळीच असतो. मामांनी मला तिथंच हेरलं, मुलगी दिली आणि पुढं मालकांकडे शब्द टाकून लोडरवरही घेतलं. सकाळची पाळी त्यांची, दुपारची माझी.

मामा मला 'जावईबापू' म्हणत. रागावले तरी 'तुमी'च म्हणत. जावयावर ओरडता येत नाही, ही आपल्याकडची मोठी सोय आहे. पण मामांनी त्यावर तोड काढली होती. ते माझ्याकडे बघून लोडरवर ओरडायचे. "असं गचकं दिऊन उचलत्यात व्हय रं तुला?" असं ते लोडरला विचारायचे, त्याच्या चाकावर थाप मारायचे आणि निघून जायचे. मला जे समजायचं ते समजायचं. कधी कधी मीही लोडरलाच उत्तर द्यायचो.

तर अशा त्या लोडरवर मालकांनी काटा बसवला. काटा म्हणजे कॅबिनमध्ये एक छोटी स्क्रीन. बकेट वर जाताना तिला उचलणाऱ्या सिलिंडरमध्ये तेलाचा दाब किती आहे ते बघून ती आतल्या खडीचं वजन दाखवते, आणि एका गाडीत किती बकेटा पडल्या त्याची बेरीजही स्वतःच करते. त्याआधी सगळा अंदाज असायचा. भरलेली गाडी गेटवरच्या मोठ्या वजनकाट्यावर जायची, थोडं वरखाली असलं तर ठरलेल्या पैशात तशीच सुटायची, फार जास्त भरलं की परत ढिगाकडे यायची, थोडी खडी उतरवायची, पुन्हा काट्यावर. मागं गाड्यांची रांग, ड्रायव्हरांचे हॉर्न आणि मालकांचा चढलेला आवाज. नवा काटा आला आणि मालकांनी हुकूम काढला, स्क्रीन सांगेल तेवढंच भरायचं, वर एक खडा नाही. मामांना ते आवडलं नाही, पण त्यांनी हुकूम मोडला नाही. काट्याची एकच अट होती. सकाळी जो पहिल्यांदा बसेल त्यानं रिकामी बकेट उचलून शून्याचं बटण दाबायचं. म्हणजे काट्याला कळतं की एवढं वजन लोखंडाचं, याच्यापुढं दिसेल ते खडीचं.

थोडे दिवस सगळं गोडीगुलाबीनं चाललं. मग गेटवरच्या काट्यावरून हाका यायला लागल्या.

गेटच्या खिडकीत एक बाई बसतात. माहेर-सासर दोन्हीकडे चादरीचे माग, घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच मराठी. मी मामांचा जावई हे कळल्यापासून त्यांनी माझं नाव घेणंच सोडलं होतं. तेलुगूत जावयाला अल्लुडू म्हणतात, आदरानं म्हणायचं तर अल्लुडुगारू. आदर त्यांच्या जिभेवर असायचा, डोळ्यांत अजिबात नसायचा. "अल्लुडुगारू, ही गाडी पण जास्त आली!" असं त्या माइकवरून सगळ्या माळावर ऐकू जाईल असं सांगायच्या. मी गाडी परत घ्यायचो, थोडी खडी उतरवायचो, पुढची गाडी भरायचो. तीही जास्त. माझ्या स्क्रीनवर वजन बरोबर आणि गेटवर पाऊण टनापर्यंत जादा. सकाळी मामांच्या पाळीत मात्र दोन्ही काटे सख्ख्या भावांसारखे जुळायचे.

मी आधी खापर उन्हावर फोडलं. सोलापूरचं ऊन काय असतं ते सोलापूरकराला सांगायला नको. दुपारी लोडरच्या पायरीला हात लागत नाही. सकाळी तेल थंड, दुपारी तापून पातळ. दाब बदलत असणार, असं मी बायकोला भाकरी खाता खाता समजावून सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं, ताटात शेंगाची चटणी वाढली आणि म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." ती मामांची थोरली मुलगी. न्यायाधीश म्हणून बसवायला लायक नव्हती.

मग कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर आला. भला माणूस. त्यानं तेलाचा मुद्दा उडवून लावला नाही, सांगितलं की सुरुवातीला बकेट काही वेळा वरखाली करून तेल गरम करूनच शून्य करा. सेन्सरच्या वायरी बघितल्या, बकेटच्या पिनांना ग्रीस आहे का ते बघितलं, कारण पिन कोरड्या पडल्या की त्या अडतात आणि काट्याला ते ओझंच वाटतं. मग भर दुपारी स्वतः सीटवर बसून बकेट झटकून रिकामी केली, शून्य केलं, गेटच्या काट्यावर वजन केलेली खडी उचलून काटा जुळवला आणि मला सीटवर बसवलं. त्या दिवशी माझ्या सगळ्या गाड्या बरोबर गेल्या. बाईंनी माइकवरून माझं अभिनंदन केलं. मी वाटेत पाव किलो पेढे घेऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिलीच गाडी परत आली. पेढे अजून संपले नव्हते.

आता माझ्या हाताकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. बकेट पूर्ण मागं न वळवता उचलली तर वजन चुकतं, लोडर चालता चालता उचललं तर चुकतं, गचका बसला तर चुकतं, हे सगळं इंजिनिअर सांगून गेलाच होता. मी माझी जागा सपाट करून घेतली. ढिगातून बाहेर यायचो, लोडर थांबवायचो, बकेट पुरती मागं वळवायचो, श्वास रोखून एका गतीनं उचलायचो. अंगावर झोपलेलं पोर उचलावं तसं मी त्या खडीला उचलत होतो. मामा जाता जाता लोडरला म्हणाले, "आता कसं शाण्यावानी उचललं." म्हणजे माझ्या हातात खोट नव्हती, हे त्यांनाही दिसत होतं. गाड्या मात्र जास्तच भरत होत्या. साप साप म्हणून आम्ही नुसती भुई धोपटत होतो.

एका संध्याकाळी मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नाही, पण तोंडाचा तिखट. म्हणाले, "यंत्र तेच, काटा तोच, ढीग तोच. मामा बसतो तेव्हा जुळतं, तू बसतोस तेव्हा गाडीवाल्यांचं भलं होतं. मला सांग, गाडीवाल्यांशी तुझं काही बाहेरच्या बाहेर ठरलंय का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "महिनाअखेरीला मामा उतरणार. पाठ साथ देत नाही म्हणतोय, गावाकडं मेंढरांत जायचंय त्याला. तोवर दोन्ही काटे जुळले तर दिवसभराची सीट तुझी. नाहीतर बार्शीचा एक ऑपरेटर बघून ठेवलाय, तू पुन्हा पाण्याच्या टँकरवर." मी बाहेर आलो तेव्हा टँकर समोरच उभा होता. त्याच्या नळातून पाणी ठिबकत होतं आणि मला त्याचा इतका राग आला की मी जाऊन नळ घट्ट पिळला.

टँकरचं दुःख होतंच, पण खरं दुःख वेगळं होतं. मामांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. त्यांच्याच सीटवर बसून मी चोरी करतो असं कुणाला वाटावं, आणि ते वाटणं त्यांच्या कानावर जावं, हे मला सहन होत नव्हतं. ते कानावर गेलंच. मामा मला काही बोलले नाहीत. लोडरलाही काही बोलले नाहीत.

शेवटी मीच मालकांना म्हणालो, पाळ्या बदला. मला सकाळी बसवा, मामांना दुपारी. ऊन असेल तर ते मामांनाही नडेल, हात असेल तर मी सकाळीही चुकेन. मालकांना ते पटलं. मामांनाही पटलं, एवढंच म्हणाले, "व्हय व्हय, बगू की. माजी बी परीक्षा हुईल."

सकाळी मी बकेट जमिनीवर नीट उपडी करून आतलं सगळं झटकून काढलं, उचलली, शून्य दाबलं आणि कामाला लागलो. सगळ्या गाड्या बरोबर! बाई माइकवरून इतकं कौतुक करायला लागल्या की मालकांनी त्यांना गप्प केलं. दुपारी मामा बसले. मी घरी गेलोच नाही. ढिगाशेजारच्या लिंबाखाली डबा उघडून बसलो, मनातल्या मनात मामांच्या गाड्या जास्त भराव्यात म्हणून देवाला विनवत. हे चांगलं नव्हे, पण खरं आहे.

मामांची पहिली गाडी गेटवर गेली. माइक खरखरला. बाईंचा आवाज यावेळी जरा चाचरत आला. "मामा, कमी आहे हो."

कमी! जास्त नव्हे, कमी! दुसरी गाडीही कमी. गाडीवाला कुरकुरत परत आला आणि राहिलेली खडी घेऊन गेला. मामा कॅबिनमधून स्क्रीनकडे असे बघत होते की जणू पाळलेलं कुत्रं अंगावर आलंय. मी डबा तसाच ठेवून उठलो. म्हणजे ऊनही नाही, माझा हातही नाही. जो सकाळी आधी बसतो त्याचं बरोबर, जो मागून बसतो त्याचं चूक. हे काय गौडबंगाल आहे, म्हणून मी खाली उभा राहून मामांची प्रत्येक बकेट बघायला लागलो. इतक्या वर्षांत मी त्यांना लोडर चालवताना असं खाली उभं राहून कधी बघितलंच नव्हतं; ते उतरले की मी चढायचो.

आणि मला ते दिसलं. मामा हायव्यावर बकेट न्यायचे, झुकवायचे, खडी धो धो खाली जायची, आणि शेवटची थोडी खडी तळाला राहिलेली असतानाच ते बकेट मागं घ्यायचे. चुकून नव्हे. दर वेळी. प्रत्येक बकेटीत तेवढीच खडी कोपऱ्यात राहायची आणि ती घेऊनच लोडर पुन्हा ढिगाकडे वळायचा.

मी हात दाखवून लोडर थांबवला, पायरीवर चढलो आणि विचारलं, "मामा, बकेट पुरी का झाडत नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू जेवताना चप्पल का काढता असं मी विचारलं होतं. "माप कुनी रिकामं करतं व्हय, जावईबापू?"

"म्हणजे?"

"आवं, खळ्यावर जोंधळं मापताना आमची आई पायली कदी उपडी करू द्यायची न्हाय. तळाला थोडं दानं ठिवायचंच. माप रिकामं पडलं की घरातली बरकत जाती. आता पायली न्हाय, बकेट हाय. मापच हाय की."

"पण रात्री लोडर मी उभा करतो, बकेट झाडून. त्याचं काय?"

"म्हून तर सकाळी आल्या आल्या ढिगातली थोडी आत घितो. रिकाम्या मापानं कामाला लागू न्हाय."

"आणि मग शून्य करताना?"

मामांनी बकेटीकडे नजर टाकली. "तेवडी आसतीच आत. तेवड्यानं काय हुतंय?"

मी पायरीवरच हसत सुटलो. इतक्या दिवसांचं कोडं त्या कोपऱ्यातल्या खडीत होतं. मामा सकाळी ती खडी आत ठेवूनच शून्य दाबत. काट्याला वाटायचं, हेही लोखंडच. मामा पुढं दर बकेटीला तेवढीच खडी मागं ठेवत, म्हणून त्यांचं दिवसभर जुळायचं. दुपारी मी बसलो की बकेट झाडून रिकामी करायचो, आणि काट्याला न दिसलेली ती खडी दर बकेटीला फुकट गाडीत पडायची. आज मी स्वच्छ शून्य केलं होतं, म्हणून मामांच्या हातून उलटं झालं. इंजिनिअरला हे दिसणार कसं? तो आला तेव्हा मामा घरी गेले होते, आणि त्यानं बकेट स्वतः झटकली होती.

मी हे सगळं मामांना हातवारे करून सांगितलं. सांगता सांगता माझा आनंद उतू जात होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा मात्र उतरत चालला होता, हे मला फार उशिरा दिसलं. त्यांनी इंजिन बंद केलं. "म्हंजी तुमच्यावर जो आळ आला, त्यो माज्या पायी," एवढंच म्हणाले आणि राहिलेल्या गाड्या माझ्यावर सोपवून उतरून गेले.

घरी मी बायकोला सांगितलं तेव्हा तिला हसू आवरेना. वडिलांना ती आण्णा म्हणते. म्हणाली, "आण्णा तर दुधाचं पातेलंसुद्धा पुरतं ओतू देत नाहीत, आईशी त्यावरून भांडण व्हायचं." मग हसणं थांबवून म्हणाली, "मालकांना तुम्ही सांगू नका." मी म्हटलं, मी सांगितलं नाही तर टँकरवर जाईन. ती म्हणाली, "आण्णा सांगतील. त्यांना सांगू द्या." मी रात्रभर कूस बदलत राहिलो. स्वतःची सीट राखायची तर मामांच्या शेवटच्या दिवसांत त्यांची चूक चव्हाट्यावर आणायची, आणि त्यांना राखायचं तर डोक्यावर चोरीचा आळ घेऊन फिरायचं. यांतलं एकही मला जमणारं नव्हतं.

सकाळी मी पोचलो तर मामा गेटवर उभे. मालक आलेले, चार-पाच गाडीवाले चहा पीत होते, बाई खिडकीत. मामांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मालक, काट्याची चूक माजी हाय. मी बकेटीत खडी ठिवून शून्य करत हुतो. जावईबापूंचा हात साफ हाय. त्येंच्यावर जो शक घेतला त्यो मागं घ्या." आणि खळ्यावरची ती रीत त्यांनी जशीच्या तशी सांगितली. लपवलं काही नाही.

मालकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांच्यापरीनं ती माफीच होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीच्या नावावर खपवलं. सगळं तिथंच संपलं असतं, पण एक गाडीवाला चहाचा कप ठेवत म्हणाला, "म्हणजे मामा, नवा काटा यायच्या आधी एवढी वर्षं दर बकेटीला आमची खडी मागं ठिवून घेत होता की तुमी!"

तो थट्टेनं बोलला. बाकीचेही थट्टेनंच हसले. पण मामांचा चेहरा काळवंडला. माप मारणारा, असं त्यांना आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. मी त्या गाडीवाल्याच्या अंगावर धावून जाणार होतो. मालकांनी माझा दंड धरला. काही दिवसांपूर्वी माझ्यावर आला होता तोच आळ आता मामांवर गेला होता, आणि तो किती झोंबतो हे तिथं माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मामा गाडीवाल्याला म्हणाले, "हातच्या काकणाला आरसा कशाला? तुजी गाडी लाव." मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, कॅबिनमध्ये चढून स्क्रीनवर टाकला, आणि काटा यायच्या आधी भरायचे तशी गाडी भरायला घेतली. दर बकेटीला तळाची खडी मागं राहत होती, सगळ्यांनी बघितलं. गाडीवाल्यानं बोट दाखवून तीही मोजली. ठरलेल्या बकेटा झाल्या. आता मामा थांबतील असं मला वाटलं, तर लोडर पुन्हा ढिगाकडे वळला. अर्धी बकेट भरून आली आणि गाडीत पडली. मामांनी वरून बघितलं, समाधान झालं नसावं. आणखी थोडी घेऊन आले. "माप झालं की वर ओंजळ द्यायची आसती," ते खिडकीतून ओरडले. ओंजळ! लोडरची ओंजळ!

गाडी काट्यावर गेली. आम्ही सगळे खिडकीशी गोळा झालो. बाईंनी आकडा बघितला, डोळे चोळले, पुन्हा बघितला आणि माइक तोंडाशी धरला. "मामा, तुमच्या अल्लुडूची पण एवढी जास्त गाडी मी कधी बघितली नाही हो!"

माझ्या सगळ्या चुकलेल्या गाड्यांपेक्षा ती गाडी भरलेली होती. गेटबाहेर सोडायची सोयच नव्हती. ज्यानं खडी मागं ठेवल्याचा टोमणा मारला, त्याच गाडीवाल्याला आता ढिगाकडे परत जाऊन खडी उतरवायला लागली, आणि रांगेतले सगळे त्याच्या नावानं हॉर्न वाजवत होते. मालकांनी कपाळावर हात मारला. "अरे, म्हणजे इतकी वर्षं हा माणूस माझी खडी ओंजळीनं वाटत होता!" मग त्यांनाच हसू फुटलं. मालक हसले म्हटल्यावर सगळं क्रशर हसलं. मामा मात्र हसत नव्हते. ते टॉवेल झटकत खाली उतरले आणि गाडीवाल्याला म्हणाले, "बगितलंस?" तो म्हणाला, "बगितलं मामा, चुकलं." मग कुठं त्यांचा चेहरा निवळला.

मालकांनी सीट माझी म्हणून तिथंच जाहीर केलं. मामांनी महिनाअखेरीची वाट बघितली नाही. म्हणाले, "आता मला बसायला लावू नका. स्क्रीन बगून मला भरायला जमंना आन् न बगता भरलं तर मालक बुडंल." फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा लोडर चालू करून देतो म्हणाले, शेवटचं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या आधी आले होते. आदल्या रात्री मी त्यांच्यासाठी ठेवलेली थोडी खडी अजून बकेटीत होती. मी खाली उभा राहिलो. मामांनी इंजिन चालू केलं, तेल गरम होऊ दिलं, आणि बकेट ढिगावर नेऊन झुकवली. या वेळी पुरती झुकवली. शेवटचा खडा पडला तसा लोखंडाचा आवाज झाला. आता उचलायची आणि बटण दाबायचं, एवढंच राहिलं होतं. पण बकेट तशीच झुकलेली राहिली. मग कॅबिनचं दार उघडलं आणि मामा पायरी पायरीनं खाली आले.

"तुमी करा," ते म्हणाले. "माजा हात उटंना."

मी वर गेलो. ते पाठ फिरवून क्रशरकडे तोंड करून उभे राहिले, हात मागं बांधून. मी रिकामी बकेट उचलली, शून्य दाबलं, स्क्रीनवर ते स्वच्छ उमटलं. खिडकीतून वाकून मी म्हणालो, "झालं, मामा."

त्यांनी मान वळवली नाही. "झालं तर मग भरा की लवकर," ते म्हणाले. "किती येळ ठिवता तिला तशी?"

मी लोडर ढिगात घातला. ते वळले तेव्हा बकेट काठोकाठ भरलेली होती.